हेग येथील दोन निकालपत्रें

न्यायालयाच्या निकालपत्रास वाङ्मय म्हणावें कीं नाहीं, याविषयीं मतभेद असतील. पण युक्तिवादाचा गद्यप्रबंध म्हणून त्याचें परीक्षण करण्यास हरकत नसावी. शेल या तेलकंपनीविरुद्ध 'मिलियूडिफेन्सी' या डच संस्थेनें चालविलेल्या खटल्यांतील दोन निकालपत्रें आमच्यासमोर आहेत. पहिलें हेगच्या जिल्हा न्यायालयाचें, २६ मे २०२१ चें. दुसरें तेथील अपील-न्यायालयाचें, १२ नोव्हेंबर २०२४ चें. पर्यावरणाच्या कैवाऱ्यांनीं पहिलें डोक्यावर घेतलें, दुसऱ्यानें ते हिरमुसले. आमचें मत थोडें निराळें आहे.

पहिल्या निकालानें कंपनीस फर्मावलें कीं, २०१९ च्या मानानें २०३० अखेर कर्बवायूचें उत्सर्जन निव्वळ ४५ टक्के उतरलें पाहिजे. आणि त्यांत तिच्या कारखान्यांचाच नव्हे, तर तिचें तेल जाळणाऱ्या गिऱ्हाइकांचाही धूर धरला. (गिऱ्हाइकांपुरतें बंधन शिकस्तीच्या प्रयत्नाचेंच होतें, हें पुष्कळ टीकाकार विसरतात.) आधार कोणता, तर डच दिवाणी कायद्यांतील काळजी घेण्याचें अलिखित कर्तव्य. या कर्तव्याची वंशावळ मोठी मौजेची आहे. ॲम्स्टरडॅमच्या एका उपाहारगृहांत पेयांच्या बाटल्या पोंचविणाऱ्यानें तळघराचें झांकण उघडें टाकलें व एक गिऱ्हाईक त्यांत पडलें. १९६५ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें विचारलें: अपघाताचा संभव किती, इजा केवढी, आणि खबरदारी घेण्यास श्रम किती पडले असते? हीच कसोटी २०१५ सालीं 'उर्गेंडा' खटल्यांत खुद्द डच सरकारास लावली गेली. तळघराच्या झांकणापासून पृथ्वीच्या वातावरणापर्यंतची कायद्याची ही झेप आम्हांस एखाद्या कादंबरीइतकी रम्य वाटते.

उणीव आहे ती आंकड्यांत. ४५ टक्के हें साऱ्या जगासाठीं काढलेलें मान. तें एकाच व्यापाऱ्याच्या माथीं कां, याचें उत्तर पहिलें निकालपत्र आवेशानें देतें, पण पटवून देत नाहीं. अपील-न्यायालयानें नेमकें येथेंच बोट ठेवलें. कर्तव्य त्यानें मान्य केलें. मात्र एका कंपनीस लागू पडेल असा टक्का शास्त्रांतून निघत नाहीं, आणि तिनें विक्री सोडली तर दुसरा ती उचलील, म्हणून हुकूम रद्द केला.

मधल्या काळांतील कंपनीचें धोरण पाहण्यासारखें आहे. सप्टेंबर २०२१ मध्यें तिनें टेक्सासमधील तेलक्षेत्रें सुमारें ९.५ अब्ज डॉलरांस दुसऱ्या तेलकंपनीस विकलीं. कारण कांहींही असो, विहिरी त्याच राहिल्या, मालक बदलला. पुढच्याच महिन्यांत स्वतःच्या कारभारांतील उत्सर्जन २०३० पर्यंत २०१६ च्या निम्म्यावर आणण्याचा संकल्प तिनें जाहीर केला. तीन वर्षांनीं हाच संकल्प तिची ढाल झाला: तो असतां या बाबतींत कर्तव्यभंगाचा धोका दिसत नाहीं, असें अपील-न्यायालय म्हणालें. पहिल्या निकालाच्या पाठोपाठ आलेल्या संकल्पानेंच तो निकाल अंशतः निरर्थक ठरविला! मार्च २०२४ मध्यें, हुकूम अंमलांत असतांनाच, ऊर्जेच्या दर एककामागील कर्ब २०३० पर्यंत २० टक्के उतरविण्याचें ध्येय तिनें '१५ ते २०' असें सैल केलें, आणि २०३५ चें ४५ टक्क्यांचें ध्येय सोडूनच दिलें. दर एककामागें, हे शब्द वाचकांनीं लक्षांत घ्यावे. एककें वाढलीं तर एकूण धूर वाढूनही असलें ध्येय गांठतां येतें.

संस्था फेब्रुवारी २०२५ मध्यें सर्वोच्च न्यायालयाकडे गेली. आमच्या मतें दुसऱ्या निकालपत्रांतील एक ओझरतें विधान अधिक मोलाचें आहे: नव्या तेल व वायुक्षेत्रांत भांडवल घालणें हें कंपनीच्या कर्तव्याशीं विसंगत ठरूं शकतें. टक्का वादग्रस्त असतो. विहीर खणली कीं नाहीं, हें कोणत्याही न्यायाधीशास दिसतें. मे २०२५ मध्यें संस्थेनें याच मुद्द्यावर शेलला नव्या खटल्याची नोटीस दिली आहे.