जोड, डाव आणि दायित्व : ग्लॅडिएटर-व्यवस्थापनाच्या खेळाची संहिता

खेळ आणि साहित्य यांच्यातील अनुबंधाचा विचार करताना समीक्षेचे लक्ष प्रायः खेळाडू आणि प्रेक्षक या दोन घटकांवरच स्थिरावलेले दिसते. योहान हुइझिंगा यांनी ‘होमो लुडेन्स’मध्ये (१९३८) खेळाला संस्कृतीच्या मुळाशी नेऊन ठेवले. रोलाँ बार्त यांनी ‘मिथॉलॉजीज’मधील (१९५७) कुस्तीविषयक निबंधात मल्लाच्या देहाचे चिन्ह म्हणून वाचन केले. रॉजे काय्वा यांनी १९५८ मध्ये स्पर्धा, दैव, अनुकृती आणि भोवंड असे खेळांचे चार वर्ग कल्पिले. या मांडण्यांच्या केंद्रस्थानी नसलेली एक तिसरी व्यक्ती मात्र आहे. ती स्वतः लढत नाही आणि केवळ पाहतही नाही. कोणी कोणाशी व कसे लढावे, हे ती ठरविते. प्राचीन रोममध्ये तिला ‘लानिस्ता’ म्हणत. ग्लॅडिएटर-व्यवस्थापनाचा खेळ खेळणाऱ्याला नेमकी हीच भूमिका देतो.

या प्रकारातील लक्षणीय उदाहरण म्हणजे १९८० च्या दशकात अमेरिकेत टपालाद्वारे खेळला जाऊ लागलेला ‘ड्यूएलमास्टर्स’. यात व्यवस्थापकाकडे पाच योद्ध्यांचा संघ असतो. प्रत्येक योद्ध्याचे बळ, चापल्य, बुद्धी असे सात गुण अंकांत मिळतात. त्यांत १४ अंकांची भर कोठे घालावी आणि दहा युद्धशैलींपैकी कोणती द्यावी, एवढे त्याच्या हाती असते. लढतीपूर्वी तो एक तक्ता भरतो. त्यात मिनिटागणिक आक्रमकता, हालचालीचा वेग आणि ठार मारण्याची इच्छा हे तीन घटक १ ते १० या श्रेणीत नोंदवायचे असतात. हताश अवस्थेसाठी वेगळा रकाना असतो. कोणाला आव्हान द्यावे आणि कोणाला टाळावे, हेही तोच कळवितो. त्यानंतर संगणक लढत निकालात काढतो आणि तिचा वृत्तान्त छापील गद्यात त्याच्या हाती येतो.

म्हणजे येथे दोन संहिता आहेत. पहिली अंकांची, हेतू नोंदविणारी. दुसरी शब्दांची, घटना सांगणारी. लेखकाचा हेतू हा कृतीच्या मूल्यमापनाचा निकष ठरू शकत नाही, असे विमसट आणि बिअर्डस्ली यांनी १९४६ मध्ये प्रतिपादिले. या खेळात हेतू अनुमानाने शोधावा लागत नाही, तो तक्त्यात लिहिलेलाच असतो. तरीही दुसरी संहिता पहिलीतून सरळ निष्पन्न होत नाही. दैव आणि प्रतिपक्षाचा तक्ता मध्ये येतात. व्यवस्थापक स्वतःच्याच कथेचा प्रथम वाचक होतो, आणि ती कथा त्याला चकित करते.

प्रतिस्पर्ध्याच्या निवडीत या रचनेतील खरा अंतर्विरोध उघड होतो. स्पर्धात्मक खेळाचा पाया कृत्रिमरीत्या निर्माण केलेली समान संधी हा आहे, असे काय्वा मानतात. रोमन आखाड्यातही जोड विचारपूर्वक लावली जाई: जाळे व त्रिशूळ घेतलेला जवळजवळ निःशस्त्रकवच ‘रेतिआरिउस’ आणि त्याच्यासमोर ढाल व शिरस्त्राण धारण केलेला ‘सेकुतोर’. एकाचे चापल्य दुसऱ्याच्या कवचाला तोलून धरी. मराठीतील ‘तुल्यबळ जोड’ आणि ‘काटा कुस्ती’ या शब्दयोजनांमागेही हीच रसिकता आहे. परंतु कुशल व्यवस्थापकाचे हित नेमके उलट दिशेला असते. बलाढ्याला टाळावे आणि आपल्या शैलीपुढे दुबळा ठरेल त्याला आव्हान द्यावे, हेच त्याचे शहाणपण. त्याचे कौशल्य यशस्वी झाले की वृत्तान्त त्रोटक आणि नीरस होतो. ते फसले की कथा जन्म घेते.

हा विरोध प्राचीनांना अज्ञात नव्हता. सेनेकाने ‘दे प्रोविदेन्तिआ’मध्ये म्हटले आहे की आपल्याहून हीन प्रतिस्पर्ध्याशी जोड लावली जाणे ग्लॅडिएटर अपमानास्पद मानतो. इ. स. ८० मधील कलोसिअमच्या उद्घाटनाच्या खेळांवर मार्शलने जी काव्ये रचली, त्यांत प्रिस्कुस आणि वेरुस यांची दीर्घकाळ बरोबरीत चाललेली झुंज आहे. अखेरीस सम्राट तितुसने दोघांनाही विजयी ठरवून मुक्त केले. कवीच्या दृष्टीने संस्मरणीय ठरली ती ही जोड. लानिस्ताच्या हिशेबात मात्र अशा झुंजीचा अर्थ वेगळा असतो.

तो हिशेब दुसऱ्या शतकातील विधिज्ञ गाइउस याच्या ‘इन्स्तितुतिओनेस’मध्ये सापडतो. ग्लॅडिएटर सुखरूप परतला तर त्याच्या श्रमाचे २० दिनार द्यायचे आणि तो मेला वा पंगू झाला तर १००० दिनार, असा करार झाल्यास ते भाडे की विक्री, असा प्रश्न तो उपस्थित करतो. प्रचलित मत त्याने नोंदविले आहे: सुखरूप राहिलेल्यांपुरते भाडे, मृत वा पंगू झालेल्यांपुरती विक्री, निर्णय घटनेवर अवलंबून. म्हणजे तो मनुष्य भाड्याने दिला होता की विकला होता, हे लढत संपेपर्यंत ठरलेलेच नसते. अर्थ शेवटाकडून मागे वाहतो. पण किंमत आधीच लिहिलेली असते.

आधुनिक खेळातील योद्धे अंकांचे पुंजके आहेत, त्यांच्या मृत्यूने कोणाचेही रक्त सांडत नाही, हा आक्षेप रास्त आहे. प्रश्न खेळणाऱ्याच्या नीतीचा नाहीच. प्रश्न निवेदनाच्या रूपाचा आहे. छापील वृत्तान्तात वार करतो तो योद्धा, कोसळतो तोही योद्धा. क्रियापदांचा कर्ता सर्वत्र तोच. ज्याने ठार मारण्याच्या इच्छेपुढे ९ हा अंक लिहिला, त्याचा त्या वाक्यांत मागमूस नसतो. गाइउसच्या रुक्ष कलमात मात्र देणारा, घेणारा आणि रक्कम, तिन्ही उघड आहेत. कर्तृत्व झाकणारी कथा आणि ते उघडे करणारा करार यांना शेजारी ठेवून वाचल्याशिवाय या खेळाची संहिता पूर्ण होत नाही. ‘लेखकाचा मृत्यू’ (१९६७) ही बार्त यांची घोषणा वाचकाला मुक्त करणारी होती. ग्लॅडिएटरच्या कथेत मात्र मरणारा लेखक नसतो, हे समीक्षेला विसरता येत नाही.