पाळणा केव्हा हलणार?

आपल्याकडे पाळणा दोन प्रकारचा. एक घरात हलतो, दुसरा जत्रेत फिरतो. घरात पाळणा हलणार असला, की बातमी कुणाला केव्हा सांगायची याचे शास्त्र आपल्या आज्यांनी केव्हाच बसवून ठेवले आहे. तिसरा महिना सरेपर्यंत कुठे बोलायचे नाही. चौथ्यात जवळच्यांना सांगायचे. पाचव्यात लांबच्यांना आपोआपच दिसू लागते. आणि सातव्यात डोहाळजेवणाचे आमंत्रणच जाते. इतकी नेटकी व्यवस्था जगातल्या कुठल्याही प्रसिद्धी खात्याला आजवर जमलेली नाही.

जत्रेतल्या पाळण्याचे शास्त्र मात्र अजून कच्चे आहे. आता जत्रेतला पाळणा म्हणजे आपला हाताने ढकलायचा लाकडी चौपाळी पाळणा नव्हे. अमेरिकेत आणि इंग्लंडात मोठमोठी करमणुकीची उद्याने असतात, त्यांत चारचारशे फूट उंचीवर माणसांना नेऊन तिथून खाली सोडून देतात, त्या रोलर कोस्टरविषयी मी बोलतो आहे. अशी नवी गाडी येणार असली, तर उद्यानवाल्यांनी ती लोकांना केव्हा सांगावी, हा माझ्या चिंतनाचा विषय आहे.

या विषयात तुम्हांला अधिकार काय, असे कुणी विचारील. मी रोलर कोस्टरमध्ये बसत नाही. एस. टी.ने खंबाटकीचा घाट उतरताना पोटात जे काही होते, तेवढे मला या जन्मी पुरेसे आहे. पण नाटकाचा समीक्षक कुठे तोंडाला रंग फासून उभा राहतो? मी समीक्षक आहे तो घोषणांचा. माझा एक भाचा ओहायोत सिनसिनाटीजवळ राहतो. वय वर्षे चाळीस, चांगला शिकलेला, नोकरीत वरच्या हुद्द्यावर. पण दर ऑगस्टात त्याचा एकदा तरी फोन येतोच : “मामा, घोषणा आली!” प्रथम मला वाटले, निवडणुकीची असेल. मग कळले, की तिथे रोलर कोस्टरच्या घोषणेची लोक आपल्याकडे मान्सूनची पाहतात तशी वाट पाहतात. तेव्हापासून तो मला ही सारी पत्रके पाठवतो आणि मी ती वाचतो. आता हा वाङ्मयप्रकार मला चांगलाच कळू लागला आहे.

तर ऑगस्टच का? यात हिशेब आहे. ओहायोसारख्या थंड मुलखातली उद्याने साधारण एप्रिल-मेमध्ये उघडतात आणि ऑक्टोबर संपला, की बहुतेक खेळांवर कापड चढते. पुढल्या वर्षाचे पास विकायला काढायचे ते उन्हाळ्याच्या शेवटी. नुसता पास कोण घेतो? त्याला काहीतरी तोंडीलावणे हवे. ते म्हणजे नव्या गाडीची घोषणा. ती मे महिन्यात केली, तर लोक म्हणणार, “मग आता कशाला जायचे? पुढल्या वर्षीच जाऊ.” चालू हंगाम बुडाला! डिसेंबरात केली, तर पास विकायचा हंगाम गेला. म्हणून ऑगस्ट. वाण्याच्या बुद्धीने काढलेला मुहूर्त आहे, पण माझ्या मते पंचांगातल्या मुहूर्तापेक्षा पक्का आहे.

हा मुहूर्त चुकवणाऱ्यांचे तीन वर्ग पडतात.

पहिला वर्ग उतावळ्यांचा. २०१४ साली ऑर्लँडो शहरात जाहीर झाले, की येथे ‘स्कायस्क्रेपर’ नावाची ५७० फूट उंचीची रोलर कोस्टर होणार. चित्रे सुरेख होती. उंच मनोरा आणि त्याच्याभोवती जिलबीसारखे वेटोळे घातलेले रूळ. भाच्याने चित्र पाठवले, मी ते घरातल्या सगळ्यांना दाखवले. उद्‌घाटनाचे वर्ष पुढे गेले, मग आणखी पुढे गेले, आणि शेवटी मनोरा झालाच नाही. म्हणजे बारशाचे पेढे वाटून झाले आणि पाळणा मात्र सुताराकडेच!

याच वर्गातले, पण शेवट गोड झालेले उदाहरण सौदी अरबस्तानातले आहे. तिथल्या किद्दियाच्या ‘फाल्कन्स फ्लाइट’ची घोषणा २०१९ सालची. जगात सर्वांत उंच, सर्वांत लांब, सर्वांत वेगवान, असे तिन्ही ‘सर्वांत’ एकाच पत्रकात. तेव्हा २०२३ हे वर्ष सांगितले होते. २०२३ आले आणि शिष्टाचाराप्रमाणे निघून गेले. गाडी अजून वाळवंटात बांधणीतच होती. २०१९ साली जो मुलगा शाळेच्या दप्तरात त्या गाडीचे चित्र घेऊन फिरत असेल, त्याला तोवर मिसरूड फुटली असेल आणि दप्तरात दुसरेच चित्र आले असेल.

दुसरा वर्ग गुपितवाल्यांचा. यांची ऐट अशी, की आमच्या मनातले कुणाला कळायचे नाही. अहो, साडेचारशे फुटांचे गुपित लपवायचे कुठे? अमेरिकेत दोनशे फुटांवर काहीही बांधायचे, तर विमान खात्याला आधी कळवावे लागते, आणि ते कागद कुणालाही पाहता येतात. गाडीचे नाव दुसऱ्याने पळवू नये म्हणून ते नोंदवावे लागते, तीही नोंद उघडी. शिवाय कुंपणाबाहेर दुर्बिणी घेऊन माझ्या भाच्यासारखे उभे असतातच. जमिनीत खुंट्या ठोकल्या, की हे लोक खुंट्यांतले अंतर मोजून गाडीची जात सांगतात. आमच्या आळीतल्या म्हाताऱ्यांची आठवण होते. मुलगी पाहायला कोण येऊन गेले, हे त्या दारातल्या चपलांवरून सांगत.

ओहायोतल्याच सीडर पॉइंट उद्यानात ‘मीन स्ट्रीक’ नावाची लाकडी कोस्टर होती. ती १९९१ सालची. सप्टेंबर २०१६ मध्ये ती बंद केली आणि पुढे काय, ते काही नीट सांगितले नाही. इकडे जुन्या लाकडी सांगाड्यावर नवे पोलादी रूळ चढताना साऱ्या जगाला दिसत होते. पण उद्यान मात्र ‘आम्ही नाही बाई त्यांतल्या’ असा चेहरा करून सूचक चित्रफिती काढत होते. ऑगस्ट २०१७ मध्ये त्यांनी ‘स्टील व्हेंजन्स’ जाहीर केली, तेव्हा माहिती नसलेला माणूस बहुधा एकटा मीच होतो. पण इथे मी त्यांना पुरते गुण देतो. सगळ्यांना ठाऊक असलेले गुपित शेवटपर्यंत गुपित म्हणून वागवायचे, यात दोन्ही बाजूंना एक गोडी असते. ठरलेल्या लग्नात नाही का आपण मुलीला ‘पसंत आहे ना?’ असे विचारत!

इंग्लंडातल्या अल्टन टॉवर्सने तर गुपिताचाच धंदा केला. त्यांच्या नव्या गाड्यांना बांधून होईपर्यंत ‘सीक्रेट वेपन’ आणि पुढे आकडा, अशी नावे. जणू हिटलर अजून हयात आहे. तिथला नियम असा, की झाडांच्या शेंड्यांवर काही दिसता कामा नये. म्हणून १९९४ च्या ‘नेमेसिस’साठी त्यांनी खडक फोडून खड्डाच खणला. इतके लपवूनही बांधकामाची परवानगी मागणारे अर्ज स्थानिक कौन्सिलात कुणालाही चाळता येतात, ते आलेच.

या गुपितबाजीचा कळस म्हणजे २०१० सालची ‘थर्टीन’. घोषणा अशी केली, की सोळाच्या आतल्यांना आणि पंचावन्नच्या पुढच्यांना ही गाडी झेपायची नाही. मी तेव्हा भाच्याला म्हटले, “मला वगळल्याबद्दल त्यांचे आभार मान.” लोक थरथरत गेले. गुपित निघाले ते असे, की अंधाऱ्या खोलीत गाडी थांबते आणि रुळांसकट काही फूट सरळ खाली पडते. कल्पना झकास होती. नुसती घडली असती, तर लोक घरी जाऊन कौतुक करत बसले असते. पण भुताची बतावणी इतकी आधी आणि इतकी मोठी झाली होती, की प्रत्यक्ष भूत आले तेव्हा लोकांना ते अंगाने जरा किरकोळच वाटले. वाढण्याआधी स्वयंपाकाची स्तुती करू नये, हे आमच्याकडे नव्या सुनेलाही कळते.

तिसरा वर्ग तारीखवाल्यांचा. अल्टन टॉवर्सचीच ‘स्मायलर’ मार्च २०१३ मध्ये उघडायची होती. चौदा वेळा माणसाला उलटे करणारी गाडी. ती उघडली ३१ मे रोजी. सीडर पॉइंटने ४२० फुटी ‘टॉप थ्रिल टू’ १ ऑगस्ट २०२३ ला जाहीर केली, म्हणजे मुहूर्त अगदी शास्त्रोक्त. ४ मे २०२४ ला ती सुरू झाली आणि १२ मे रोजी बंद पडली, ती पुढल्या मे महिन्यापर्यंत. उशिराबद्दल माझी मुळीच तक्रार नाही. आधी माणसांच्या आकाराचे पाणी भरलेले पुतळे बसवून या गाड्या पुन्हापुन्हा पळवतात. पुतळे आणखी दोन महिने फिरले तर फिरू देत बिचारे, त्यांना कुठे हापिस आहे? तक्रार आहे ती तारखेबद्दल. ऋतू सांगावा, वार सांगू नये. ‘पावसाळ्याआधी घराला रंग देऊ’ म्हणणारा रंगारी निदान खोटा तरी पडत नाही.

आता तुम्ही म्हणाल, चार दिवस इकडे की तिकडे, यात बिघडते काय? हंगाम, पास, नफा, हे त्यांचे ते पाहतील. मलाही असेच वाटे. पण भाच्याला एक मुलगी आहे. तिकडच्या मोठ्या गाड्यांपाशी एक मोजपट्टी उभी असते. कुठे ४८ इंच, कुठे ५४. पट्टीखाली डोके राहिले, तर रांगेतून बाहेर. भाच्याच्या घरी स्वयंपाकघराच्या दारावर पेन्सिलीच्या रेघा आहेत, आणि सर्वांत वर एक लाल रेघ आहे. ती लाल रेघ म्हणजे गाडी.

पोर वर्षाला दोन-सव्वादोन इंच वाढते. ऑगस्टात घोषणा ऐकायची, हिवाळाभर भाजी खायची, दर रविवारी दाराला पाठ लावून उभे राहायचे आणि पुढल्या उन्हाळ्यात लाल रेघेला टेकायचे. घोषणा आणि गाडी यांच्यामधले अंतर किती असावे, याचे माझ्या मते हेच खरे माप आहे : दीड ते दोन इंच. याहून कमी ठेवले, तर वाट पाहण्याचे सुख बुडते. याहून फार जास्त ठेवले, तर पोर रेघेच्या वर निघून जाते आणि तिला गाडीपेक्षा मैत्रिणी आवडू लागतात. घोषणा करणाऱ्याला वाटते, आपण गाडी विकतो आहोत. प्रत्यक्षात तो कुणाच्या तरी घरातले एक वर्ष घेत असतो. ते जपून घ्यावे, एवढेच.

येण्याच्या बातमीचे हे झाले. पण माझे खरे भांडण आहे ते जाण्याच्या बातमीशी. न्यू जर्सीत ‘किंगडा का’ नावाची ४५६ फूट उंचीची गाडी होती. २००५ सालापासून ती धावत होती, आणि तोवर तिच्या उंचीची दुसरी जगात उभी राहिली नव्हती. १० नोव्हेंबर २०२४ ला ती शेवटची धावली. ती गेल्याचे उद्यानाने अधिकृतपणे सांगितले ते १४ नोव्हेंबरला! त्याच पत्रकात नव्या विक्रमी गाडीचे आश्वासनही होते. म्हणजे तेरावाही झाला नाही, तोच नव्या बारशाचे आमंत्रण. फेब्रुवारी २०२५ च्या अखेरीस सुरुंग लावून तिचा मनोरा पाडला. दहा तारखेला जे लोक तिच्यात बसले, त्यांना आपण निरोप घेतो आहोत हे कुणी सांगितलेच नाही. आणि जे ‘आज रांग मोठी आहे, पुढल्या वर्षी बसू’ म्हणून परतले असतील, त्यांच्याबद्दल मी बोलतच नाही.

उद्यानाचीही बाजू असेल. आधी सांगितले असते, तर झुंबड उडाली असती, आणि म्हातारी गाडी शेवटच्या दिवशीच रुसली असती तर आणखी पंचाईत. पण हे जमते, हे सिनसिनाटीजवळच्याच किंग्ज आयलंडने दाखवून दिले आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये त्यांनी ‘ओरायन’ ही नवी गाडी रीतसर जाहीर केली. पुढल्याच महिन्यात सांगितले, की १९८७ सालापासूनची ‘व्होर्टेक्स’ २७ ऑक्टोबरला शेवटची धावेल. एक महिना हातात. लोक जुनी तिकिटे, जुने फोटो घेऊन आले. आपल्या लहानपणी जिच्यात पहिल्यांदा ओरडलो, तिच्यात आपल्या पोरांना बसवून पुन्हा एकदा ओरडले. रीतसर पाठवणी झाली. पुढे २०२० साली साऱ्या जगालाच कुलूप लागल्यामुळे ओरायन उशिरा, जुलैत सुरू झाली, पण त्याचा राग कुणी धरला नाही. ज्याने निरोप नीट दिला, त्याच्या स्वागताला उशीर झाला तरी लोक सांभाळून घेतात.

म्हणून माझा अभिप्राय थोडक्यात असा आहे. येणाऱ्याची बातमी जरा उशिरा सांगावी, जाणाऱ्याची जरा लवकर सांगावी. येणारा काय, दोन दिवसांनी कळला तरी भेटणारच असतो. हे मी भाच्याला फोनवर ऐकवले. तो म्हणाला, “मामा, हे तुम्ही उद्यानवाल्यांना कळवा.” कळवीनही. फक्त पत्र ऑगस्टात टाकावे की त्याआधी, एवढेच अजून ठरायचे आहे.