नावाविना चेहरे

छायाचित्र आपणहून बोलत नाही. त्याखालची ओळ त्याला बोलायला लावते. संगणकावरच्या संग्रहात ही ओळ ‘मेटाडेटा’ या नावाने येते: चित्रात कोण आहे, कुठे, केव्हा, कोणत्या प्रसंगी, कोणी टिपले. दोन चित्रांच्या नोंदींत एक शब्द समान असला की ती एकमेकांना जोडली जातात. शब्द नसेल तर एकाच सभेची दोन चित्रेही परस्परांना परकी राहतात. तेव्हा शब्द कोणी लिहायचा हा प्रश्न तंत्रज्ञांवर सोपवून चालणार नाही.

परकीय राज्यकर्त्यांनी या शब्दांचे मोल लवकर ओळखले. १८६८ ते १८७५ या काळात ‘द पीपल ऑफ इंडिया’चे आठ खंड निघाले. साडेचारशेहून अधिक छायाचित्रांतली माणसे तिथे प्रामुख्याने जात-जमातीच्या पाटीखाली उभी आहेत. बहुतेकांना स्वतःचे नाव नाही. असे संग्रह आता डिजिटल होत आहेत. जुनी पाटीच शोधशब्द झाली, तर संगणकही माणसाला जातीनेच शोधणार! पाटी पुसू नये, ती पुरावा आहे. मात्र ती ‘मूळ मथळा’ म्हणून वेगळ्या रकान्यात असावी.

पण दोष केवळ त्यांच्याकडेच आहे काय? आपल्या चळवळीची चित्रे पाहू. विकिमीडिया कॉमन्स या खुल्या संग्रहात राजगृहावरचे फेब्रुवारी १९३४ चे चित्र आहे. यशवंतराव, बाबासाहेब, रमाई, लक्ष्मीबाई, मुकुंदराव असा डावीकडून क्रम दिला आहे. टॉबी या कुत्र्याचेही नाव आहे. नोंद अशीच असावी. आता नागपूरचे १९४२ चे चित्र घ्या. शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनच्या महिला प्रतिनिधी बाबासाहेबांसोबत आहेत. प्रचलित मथळ्यात त्या फक्त ‘महिला प्रतिनिधी’. एकीचेही नाव नाही. तारीख ८ जुलै दिली आहे, अधिवेशन तर १८ ते २० जुलैला झाले. एक आकडा गळाला की चित्र आपल्या प्रसंगापासून तुटते. २० जुलैच्या महिला परिषदेच्या अध्यक्ष सुलोचनाबाई डोंगरे होत्या. त्यांचे नाव टाकून शोधणाऱ्याला हे चित्र कसे सापडावे?

नावे मिळत नाहीत ही सबब खरी नाही. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी ‘आम्हीही इतिहास घडवला’ (१९८९) या ग्रंथात चळवळीतल्या स्त्रियांना नावानिशी उभे केले. नावे ग्रंथात आहेत, चेहरे संग्रहात आहेत. मधला दुवा आपण जोडलेला नाही.

पनवेलला शिकवताना हा प्रश्न मला रोज भेटतो. महाड आमच्याच जिल्ह्यातले. पण १९२७ च्या सत्याग्रहाच्या वेळी जिल्ह्याचे नाव कुलाबा होते, रायगड झाले १९८१ साली. ‘रायगड’ शोधणाऱ्या मुलाला ‘कुलाबा’ लिहिलेली नोंद दिसत नाही. दोन्ही नावे लिहावीत. मराठी-इंग्रजी दोन्ही लिप्यांत लिहावीत. ‘डब्लिन कोअर’ या नोंदपद्धतीच्या पंधरा रकान्यांपैकी एक खास ‘संबंध’ दाखवण्यासाठी आहे: हे चित्र कोणत्या मोठ्या चित्राचा कापलेला भाग, कोणत्या मालिकेतले. समूहचित्रातून बाबासाहेबांना कापून काढलेली चित्रे घरोघरी आहेत. कापलेले चित्र मूळ चित्राशी जोडले, तर बाजूला सारलेली माणसे परत दिसतील.

विद्यार्थ्यांना माझे सांगणे असे: वस्तीतल्या भिंतीवरचे प्रत्येक जुने चित्र टिपून घ्या. घरच्या आजीला विचारून डावीकडून नावे लिहा, आणि नाव कोणी सांगितले तेही लिहा. व्हॉट्सॲपवर नुसता फोटो म्हणून पाठवाल तर फाईलमधली माहिती गळते. डॉक्युमेंट म्हणून पाठवा. यंत्र सारखे चेहरे जुळवून देईल, पण त्या बाईचे नाव त्याला ठाऊक नाही. ते आजीला ठाऊक आहे, आणि तिला आजच विचारले पाहिजे.