‘जोहार’ आणि रूपकाची मर्यादा

पैठणच्या एकनाथांनी सोळाव्या शतकात आपल्या भारुडांत महाराच्या मुखी ‘जोहार’ घातला. त्यामागील करुणा निःसंशय होय. तथापि ‘देह हेच नगर’ असा लक्ष्यार्थ हाती येताच उच्चवर्णीय श्रोता वाच्यार्थातील महारास वेशीबाहेर ठेवून मोकळा होतो. मान डोलावण्यास त्यास काहीच मोजावे लागत नाही. उलट, पैठणपासून धर्माबादपर्यंतच्या गावगाड्यात ज्यांना प्रत्यक्ष वाकून जोहार करावा लागे, त्यांच्या कानी तो शब्द निव्वळ रूपक म्हणून पडणे अशक्यच. विसाव्या शतकात ‘जयभीम’ स्वीकारून त्यांनी ते अभिवादनच टाकले. (इतका बोलका शब्दत्याग भाषेत विरळा.) जोतीराव फुल्यांच्या ‘गुलामगिरी’त (१८७३) अवतारकथांचा अर्थ परमार्थाकडे न जाता आक्रमणाकडे व बळीच्या राज्याकडे वळतो. त्यांतील व्युत्पत्ती भाषाशास्त्रास मान्य होण्याजोग्या नाहीत. वाचकास निसटावयास मात्र तेथे वाट उरत नाही.