तालीम आणि मैदान

एखाद्या कादंबरीची दुसरी आवृत्ती निघाली, कागद बदलला, टाइप बदलला, तरी वाचकाला सामोरी येणारी कादंबरी तीच राहते. व्हिडिओ गेमविषयी लिहिणारे लोक 'आवृत्ती' हा शब्द ग्रंथव्यवहारातून उचलतात आणि त्याबरोबर ही समजूतही नकळत उचलतात. परंतु ज्या खेळाचे सारे अस्तित्व दोन माणसांनी एकमेकांवर केलेल्या कुरघोडीत आहे, तो एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागी ठेवला, तर तोच राहतो काय? ज्यांना सामान्यतः फायटिंग गेम म्हणतात, आणि ज्यांना या लेखापुरते आपण द्वंद्वखेळ म्हणू, त्यांच्या बाबतीत हा प्रश्न गेली तीसहून अधिक वर्षे निघत आला आहे. हे खेळ प्रथम आर्केडमध्ये, म्हणजे नाणे टाकून खेळायच्या यंत्रांच्या सार्वजनिक जागेत जन्मले. नंतर ते घरच्या दूरचित्रवाणीला जोडायच्या कन्सोलवर आले. घरची आवृत्ती आर्केडच्या किती जवळ गेली, हा तेव्हापासून समीक्षेचा ठरीव निकष होऊन बसला. हा निकषच चुकीच्या जागी बोट ठेवतो, असे मला वाटते. या दोहोंतील भेद चित्रांचा नाही, पणाचा आहे.

द्वंद्वखेळाचा घाट कोणी घडवला, असे विचारले तर रचनाकारांची नावे सांगितली जातील, आणि ती योग्यच आहेत. पण त्यांच्या जोडीने आणखी एक घडवणारा होता, तो म्हणजे नाणे. कॅपकॉमचा 'स्ट्रीट फायटर टू' १९९१ साली आर्केडमध्ये आला. त्यातील कोणताही डाव पाहा: पडद्यावर नव्व्याण्णवपासून उलटे मोजणारे घड्याळ, तीनपैकी दोन फेऱ्या जिंकणारा विजयी, आणि दोन-तीन मिनिटांत निकाल. हरणारा उठतो, जिंकणारा आपल्या त्याच नाण्यावर बसून राहतो, आणि पुढचा आव्हानवीर नवे नाणे टाकतो. एकटाच यंत्राशी खेळत असलेल्या माणसाच्या डावात तिसऱ्याच कोणीतरी मध्येच शिरून त्याला आव्हान द्यावे, अशी सोय खेळातच केलेली आहे. ही सारी रचना दुकानदाराच्या गल्ल्यासाठी सोयीची होती, हे उघड आहे. पण आपल्या संगीत नाटकाची लांबी आणि त्यातील पदांची संख्याही काही निव्वळ कलेच्या गरजेतून ठरली नव्हती. व्यवहाराने घातलेल्या बंधनातून कला आपला आकार शोधते. येथेही तेच घडले.

या बंधनाभोवती एक लोकाचार तयार झाला. अमेरिकेत पुढचा नंबर सांगण्यासाठी माणसे पडद्याखालच्या पट्टीवर आपले नाणे ठेवून देत. ते नाणे म्हणजे रांगेतील जागा. तेथे दोघे प्रतिस्पर्धी एकाच यंत्रापुढे खांद्याला खांदा लावून उभे राहत. जपानात पाठीला पाठ लावलेली दोन यंत्रे असत आणि प्रतिस्पर्धी पलीकडे बसे, त्यामुळे त्याचा चेहरा दिसत नसे. दोन्हीकडे एक गोष्ट मात्र समान होती. चुकीची किंमत तिथल्या तिथे चुकती करावी लागे. नवी युक्ती करून पाहायची तर तीही चालू डावात, समोरच्याच्या डोळ्यांदेखत आणि स्वतःच्या पैशाने. ज्ञान एकमेकांकडे पाहून मिळे, आणि पुष्कळदा हरूनच मिळे.

आता घरच्या आवृत्त्यांकडे वळू. १९९२ मध्ये 'स्ट्रीट फायटर टू' निन्टेन्डोच्या सुपर फॅमिकॉमवर आला आणि त्याच्या त्रेसष्ट लाख प्रती गेल्या. चित्रे आणि आवाज यांत आर्केडच्या मानाने त्यात बरीच काटछाट होती, काठीच्या जागी हातात मावणारा छोटा कंट्रोलर आला होता. तरीही ती आवृत्ती जिवंत वाटली. याचे कारण, आर्केडमधल्या सहा बटणांना त्या कंट्रोलरवर सहा बटणे मिळाली, आणि हालचालींचे परस्परांशी असलेले नाते शाबूत राहिले. वरकड गेले, नाते टिकले. याच्या उलट उदाहरण 'एक्स-मेन व्हर्सस स्ट्रीट फायटर'चे. १९९६ च्या या आर्केड खेळाचा सारा प्राण प्रत्येकाने दोन लढवय्ये घेऊन उतरावे आणि डाव चालू असताना एकाला बाहेर काढून दुसऱ्याला आत आणावे, या कल्पनेत आहे. सेगाच्या सॅटर्नवर हा खेळ जपानात आला, तेव्हा जादा स्मृतीची एक वेगळी कार्ट्रिज जोडून हा प्राण राखला गेला. १९९८ च्या प्लेस्टेशन आवृत्तीत स्मृती अपुरी पडली आणि ही अदलाबदलच गेली. पडद्यावरील माणसे ओळखू येत होती, नावही तेच होते. खेळ मात्र दुसराच होता.

येथपर्यंत कोणी म्हणेल, की निष्ठेचाच निकष खरा ठरला. फक्त ती चित्रांवरील नव्हे, नियमांवरील निष्ठा असावी, एवढेच. पण दोन उदाहरणे या समाधानाला तडा देतात. एसएनके या कंपनीने १९९० मध्ये निओ जिओ हे यंत्र काढले. त्याच्या घरगुती रूपात आर्केडमधलेच यंत्र होते, आणि खेळही अक्षरशः तेच. एकेका खेळाला अमेरिकेत दोनशे डॉलरच्या आसपास पैसे पडत. निष्ठा पूर्ण होती, तरी घरातल्या सोफ्यावर आर्केड अवतरले नाही. दुसरे उदाहरण नॅमकोच्या 'सोलकॅलिबर'चे. १९९८ चा हा खेळ पुढच्याच वर्षी ड्रीमकास्टवर आला तो मूळ आर्केडपेक्षा देखणा होऊन. नक्कल अस्सलाच्या पुढे गेली, तरी अस्सलाची जागा रिकामीच राहिली. म्हणजे यंत्र तेच असून काही उणे राहते, आणि यंत्र सरस असूनही ते उणे भरून निघत नाही. ते उणे यंत्रात नव्हतेच.

ते कशात होते हे सांगायला मला आपल्याकडचे दोन शब्द पुरेसे वाटतात: तालीम आणि मैदान. कोल्हापूरच्या पैलवानाला या दोहोंतला फरक समजावून सांगावा लागत नाही. तालमीत तो दिवसातून दहा वेळा चीत होईल, वस्ताद त्याला उठवील, तोच डाव पुन्हा मांडला जाईल. खासबागेच्या मैदानात एकदा पाठ लागली की लागली. तालमीतला पराभव हे शिक्षण असते. मैदानातला पराभव ही घटना असते. आर्केडचे वैशिष्ट्य असे, की तेथे तालीम आणि मैदान एकच होते. माणूस मैदानातच शिके, आणि प्रत्येक धड्याला नाणे पडे. घरच्या कन्सोलने हे दोन्ही प्रथमच अलग केले आणि या खेळाला त्याची तालीम मिळवून दिली.

ही देणगी लहान नाही. द्वंद्वखेळात एका सेकंदाची साठ चित्रे होतात, आणि कोणता वार किती चित्रांत पोचतो यावर जय-पराजय ठरतो. हे ज्ञान गर्दीत उभे राहून, खिशातली नाणी मोजत मिळवणे फार थोड्यांना शक्य होते. 'व्हर्च्युआ फायटर फोर: इव्होल्यूशन'ची २००३ मधील प्लेस्टेशन टू आवृत्ती मला या दृष्टीने महत्त्वाची वाटते. तिच्यातील सरावाचा विभाग शिकणाऱ्याला बोट धरून एकेक कौशल्य शिकवत नेतो. आर्केडची बरोबरी करण्याची उमेद तेथे दुय्यम आहे. आर्केड जे देऊ शकत नाही ते देण्याची जाण मुख्य आहे. घरच्या आवृत्तीने स्वतःचा धर्म ओळखला, तो असा.

आणि मैदान? ते केवळ आर्केडच्या भिंतींत होते, हेही खरे नाही. अमेरिकेतील 'एव्हो' ही स्पर्धा २००४ मध्ये आर्केडची यंत्रे सोडून घरगुती कन्सोलवर गेली, तेव्हा जुन्या खेळाडूंनी नाके मुरडली. त्याच वर्षी, 'थर्ड स्ट्राइक'मध्ये, या खेळाच्या इतिहासातला सर्वांत गाजलेला क्षण घडला. जपानच्या दाइगो उमेहाराचा केन मरणाच्या दारात होता. नुसता बचाव केला असता तरी घासून जाणाऱ्या इजेने तो संपला असता. अमेरिकेच्या जस्टिन वाँगच्या चुन-लीने पंधरा आघातांचा वार सोडला. आघात लागण्याच्या नेमक्या क्षणी काठी पुढे सारली, तरच तो निष्फळ होतो. उमेहाराने ते सारे आघात एकामागून एक परतवले आणि सामना जिंकला. यंत्र घरगुती, खेळाडू जपानच्या आर्केडमध्ये वाढलेला, आणि भोवती ओरडणारी गर्दी. मैदान उभे राहते ते निकाल परत घेता न येण्यामुळे आणि तो पाहणाऱ्या डोळ्यांमुळे.

घरच्या प्रसाराचा आणखी एक न्याय आहे. 'टेक्केन सेव्हन' २०१५ मध्ये आर्केडमध्ये आला आणि २०१७ मध्ये घरी. मधली दोन वर्षे जपान आणि कोरिया येथील खेळाडू त्यावर हात साफ करत होते, आणि बाकीचे जग नुसते चित्रफिती पाहत होते. घरची आवृत्ती आल्यावर दोन वर्षांत, २०१९ मध्ये, लाहोरच्या अर्सलान ॲशने जपान आणि लास व्हेगास येथील दोन्ही एव्हो स्पर्धा जिंकल्या. तो स्वतः लाहोरच्या आर्केडमध्ये घडलेला. पण जागतिक मैदानाचा दरवाजा पूर्वी ज्यांना बंद होता, त्यांना तो कशाने उघडला, हे आर्केडच्या आठवणीने गहिवरणाऱ्यांनी विसरू नये.

मग गमावले काय? आर्केडचा काळ हा या खेळांचा रंगीत तालमीचा काळ होता. 'स्ट्रीट फायटर टू'ची १९९१ ते १९९४ या काळात पाच रूपे आर्केडमध्ये आली. प्रत्येकाने आधीच्यातला तोल सावरला, आणि तो सावरताना रोज खेळणाऱ्यांचे अनुभव वाया गेले नाहीत. २०१० च्या 'सुपर स्ट्रीट फायटर फोर'पासून क्रम उलटला: आधी घर, मग आर्केड. 'स्ट्रीट फायटर फाइव्ह' २०१६ मध्ये थेट घरी आला, आणि एकट्याने एकामागून एक प्रतिस्पर्ध्यांशी लढण्याचा साधा आर्केड विभागही त्यात नव्हता. तो २०१८ मध्ये भरला गेला. जपानच्या आर्केडमध्ये तो खेळ पोचला २०१९ मध्ये. २०२४ चा 'टेक्केन एट' तर घरीच जन्मला. पूर्वी कच्चेपणाची किंमत नाण्यानाण्याने दिली जाई; आता ग्राहक संपूर्ण मोल आधी देतो आणि दुरुस्त्यांची वाट पाहतो. शिवाय प्रत्येक दुरुस्ती आधीचे रूप पुसून टाकते. आर्केडचे यंत्र तरी अमर होते असे नाही. कॅपकॉमच्या सीपीएस-टू या यंत्रातील बॅटरी संपली की आतला खेळच चालेनासा होतो. पण तो ऱ्हास आहे. एक रूप पुसून त्याच्या जागी दुसरे ठेवणे, ही निराळी गोष्ट झाली.

जाळ्यावरून खेळण्याच्या सोयीने हा प्रश्न सुटला असे पुष्कळांना वाटते. टोनी कॅनन यांच्या 'जीजीपीओ'पासून रुळलेली पद्धत खरोखर कल्पक आहे: दूरच्या प्रतिस्पर्ध्याची पुढची कृती यंत्र अंदाजाने धरून चालते, आणि अंदाज चुकला तर काही चित्रे मागे जाऊन दुरुस्ती करते. अंतर त्यामुळे जवळजवळ जाणवत नाही. पण तिने प्रतिस्पर्धी घरी आणला, पण आणला नाही. हरलेला पुन्हा बटण दाबतो, किंवा निमूटपणे निघून जातो. रांगेत त्याच्यामागे कोणी उभे नसते. ही तालमीची थोर वाढ आहे. तिला मैदान समजणे मात्र भाबडेपणाचे होईल.

२०२३ च्या 'स्ट्रीट फायटर सिक्स'ला ही उणीव कळली आहे, असे दिसते. त्यात एक काल्पनिक सभागृह आहे. खेळाडूंच्या बाहुल्या तेथे वावरतात, मांडून ठेवलेल्या आर्केड यंत्रांपुढे बसतात, समोर दुसरा येऊन बसण्याची वाट पाहतात, आणि इतर बाहुल्या मागे उभ्या राहून डाव बघतात. घरच्या खेळाने आपल्या पोटात आर्केड बांधले. हे स्मरणरंजन आहे असे म्हणून ते उडवून लावता येईल, पण मला त्यात एक कबुली दिसते: या खेळाला दुसऱ्याचे डोळे लागतात.

तेव्हा द्वंद्वखेळाच्या घरच्या आवृत्तीची परीक्षा करताना ती आर्केडसारखी दिसते का, हे विचारणे आता सोडून द्यावे. दोन प्रश्न विचारावे. शिकणाऱ्याला ती वस्ताद देते का? आणि शिकून झाल्यावर, जेथे पाठ लागली की लागली, अशा जागी ती त्याला नेऊन उभे करते का? पहिल्या प्रश्नाला घराने दिलेले उत्तर आर्केडपेक्षा चांगले आहे. दुसऱ्याचे उत्तर कोणत्याही यंत्रात भरून विकता येत नाही. ते माणसांनी एकत्र जमूनच द्यावे लागते.