नेमलेले पुस्तक आणि त्याची छायाप्रत

भिवंडी तालुक्यातील वळ या गावाच्या शिवारात आज भाताच्या खाचरांपेक्षा गोदामांची छपरे अधिक दिसतात. अंजूर फाट्याहून दापोड्याकडे जाणाऱ्या रस्त्याने गेल्यास दोन्ही बाजूंना गाळ्यांमागून गाळे लागतात आणि मुंबई महानगराला लागणारा नाना प्रकारचा माल त्यांत येऊन पडतो. या मालात पुस्तकेही असतात. छापखान्यातून आलेले पुस्तक इतर जिनसांप्रमाणेच खोक्यात बंद होऊन मागणीची वाट पाहत राहते. त्याच तालुक्यातील एखाद्या महाविद्यालयात मराठी घेऊन बसलेला विद्यार्थी ते पुस्तक वाचतो तेव्हा बहुधा त्याच्या हाती झेरॉक्सची, कडा काळवंडलेली, एका कोपऱ्यात टाचलेली प्रत असते. पुस्तक गोदामात आणि प्रत वर्गात, या स्थितीचा विचार आपल्या विभागांतून क्वचितच होतो. झालाच तर दोन ठरीव उत्तरांवर थांबतो. ‘शिक्षणासाठी सर्व माफ आहे,’ हे एक आणि ‘दहा टक्क्यांपर्यंत चालते,’ हे दुसरे.

यांतील दुसऱ्या उत्तराचा निकाल लवकर लावता येतो. भारताच्या १९५७ च्या स्वामित्वहक्क अधिनियमात अध्यापनासाठी कोणतीही टक्केवारी सांगितलेली नाही. हा दहा टक्क्यांचा आकडा परदेशी विद्यापीठांच्या अंतर्गत नियमांवरून तोंडोतोंडी आपल्याकडे आला असावा. अमेरिकेच्या कायद्यात ‘फेअर यूज’ हे सर्वव्यापी तत्त्व आहे आणि न्यायालय तेथे उपयोगाचा हेतू, कृतीचे स्वरूप, घेतलेला भाग व बाजारावरील परिणाम अशा चार कसोट्या लावते. आपला कायदा निराळ्या घडणीचा आहे. कलम ५२ मध्ये कोणकोणती कृत्ये हक्कभंग ठरत नाहीत त्यांची यादीच दिली आहे. खाजगी उपयोग, संशोधन, टीका व परीक्षण यांसाठी ‘न्याय्य व्यवहार’ या शब्दांचे बंधन आहे. परंतु शिकविण्याच्या ओघात शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने केलेल्या प्रतीची तरतूद वेगळ्या पोटकलमात आहे आणि तेथे ‘न्याय्य’ हा शब्द विधिमंडळाने घातलेला नाही. पहिल्या उत्तराला जो काही आधार आहे तो या अनुपस्थित शब्दात आहे.

तो आधार कितपत टिकतो हे पाहण्याची संधी दिल्लीच्या खटल्याने दिली. दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या आवारात रामेश्वरी फोटोकॉपी सर्व्हिस नावाचे एक लहान दुकान होते. प्राध्यापकांनी आखून दिलेल्या वाचनानुसार निरनिराळ्या ग्रंथांतील प्रकरणे एकत्र बांधून ते विद्यार्थ्यांना विकत असे. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशनसंस्थांनी २०१२ मध्ये त्या दुकानाविरुद्ध व विद्यापीठाविरुद्ध दावा लावला. १६ सप्टेंबर २०१६ रोजी न्या. राजीव सहाय एंडलॉ यांनी तो फेटाळला. ९ डिसेंबर २०१६ रोजी न्या. प्रदीप नंदराजोग व न्या. योगेश खन्ना यांच्या खंडपीठाने अपिलाचा निर्णय दिला. ‘शिकविण्याचा ओघ’ म्हणजे केवळ तासाची पंचेचाळीस मिनिटे नव्हेत, सत्राच्या आरंभी वाचन नेमून देण्यापासून पुढची सर्व प्रक्रिया त्यात येते; शिक्षकाने स्वतः यंत्र चालविले की दुकानदाराकडून काम करवून घेतले याने फरक पडत नाही; आणि घेतलेला भाग किती यापेक्षा तो शिकविण्याला आवश्यक होता की नाही, हे पाहावयाचे, अशी त्या निर्णयाची दिशा आहे.

हा निर्णय आपल्याकडे मोठ्या आनंदाने स्वीकारला गेला आणि ते योग्यच होते. ज्यांचे लेखन त्या संकलनांत होते अशा अनेक लेखकांनीही दाव्याच्या विरुद्ध मत दिले होते. पण निर्णयाचे वाचन आपण अर्ध्यावर सोडून देतो, असे मला वाटते. खंडपीठाने दावा पूर्णपणे निकालात काढला नाही. दोन प्रश्न पुराव्यासाठी खालच्या न्यायालयाकडे परत पाठविले. संकलनात घेतलेला मजकूर अध्यापनाच्या हेतूने समर्थनीय होता काय, हा एक. आणि संपूर्ण ग्रंथाची छायाप्रत काढणे अनुज्ञेय आहे काय, हा दुसरा. कायद्याच्या शब्दांत नसलेले न्याय्यतेचे तत्त्वही खंडपीठाने त्या पोटकलमात वाचून घेतले. पुढे मार्च २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावाच मागे घेतला आणि मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयानेही प्रतहक्क-संस्थेची याचिका ऐकून घेण्यास नकार दिला. ज्यांनी हा शेवट विजय म्हणून साजरा केला त्यांना दोष देता येत नाही. मात्र परत पाठविलेले दोन्ही प्रश्न अनुत्तरित राहिले.

अर्थशास्त्राच्या किंवा समाजशास्त्राच्या विभागाला यामुळे फारशी अडचण नाही. तेथे ग्रंथातील एखादे प्रकरण हा वाचनाचा स्वाभाविक घटक आहे. मराठीच्या वर्गात वाचनाचा घटक कृती हा असतो. ‘घाशीराम कोतवाल’ शिकवावयाचे तर त्यातील वीस पृष्ठे देऊन भागत नाही. ‘गोलपिठा’तील चार कविता देता येतील, परंतु तो संग्रह एका विशिष्ट क्रमाने व एका आवाजात उभा आहे हेच जर शिकवावयाचे असेल तर चार कवितांनी ते साधत नाही. म्हणजे ‘अध्यापनाच्या हेतूला आवश्यक तेवढे’ ही खंडपीठाची कसोटी प्रामाणिकपणे लावली तर मराठीच्या वर्गात ती आपल्याला संपूर्ण पुस्तकापर्यंत नेते. आणि संपूर्ण पुस्तकापाशी आले की त्याच खंडपीठाने तो प्रश्न खुला ठेवलेला आढळतो. दिल्लीचा खटला जेथे थांबला तेथून आपली अडचण सुरू होते.

बाजारावरील परिणामाविषयी खंडपीठाने केलेले विवेचन या दृष्टीने तपासण्यासारखे आहे. साक्षर व सुशिक्षित नागरिक वाढल्याने ग्रंथांचा बाजार अखेर वाढेलच, घटणार नाही, असा त्याचा आशय आहे. जगभर विक्री असणाऱ्या विद्यापीठीय प्रकाशनांच्या बाबतीत हे मान्य होण्यासारखे आहे. त्यांचे लेखकही बहुधा पगारी अध्यापक असतात आणि ग्रंथाचे मानधन हे त्यांच्या उपजीविकेचे साधन नसते. मराठी नाटकाचा किंवा कवितासंग्रहाचा प्रकाशक मात्र पाचशे-हजार प्रतींच्या आवृत्तीवर उभा असतो आणि पुस्तक अभ्यासक्रमास लागणे हीच पुष्कळदा ती आवृत्ती संपण्याची एकमेव आशा असते. त्याचा वाचक आणि आपला विद्यार्थी या दोन व्यक्ती नाहीत. त्या पुस्तकाची संपूर्ण प्रत साठ जणांच्या वर्गात फिरली तर पन्नास वर्षांनी वाढणाऱ्या बाजाराचे त्याला काय सुख? एखादे पुस्तक आपण अभ्यासक्रमात नेमतो आणि त्याच नेमणुकीने त्याची विक्री बुडवितो, या विसंगतीकडे शिक्षणाचा कैवार घेणाऱ्यांनी डोळेझाक करू नये.

येथे मुंबईच्या जुन्या दोन खटल्यांची आठवण उपयोगी पडते, कारण त्यांत शिक्षक व संपादक वेगळ्या भूमिकेत दिसतात. १८८९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे ‘व्रतराज’ या संस्कृत ग्रंथाच्या आवृत्तीचा वाद आला. मूळ ग्रंथ कोणाच्याच मालकीचा नव्हता. तरी जुन्या हस्तलिखिताच्या आधारे पाठ सिद्ध करून तळटीपा देणाऱ्या आवृत्तीच्या श्रमांना न्यायालयाने संरक्षण दिले. दुसऱ्या खटल्याचा निर्णय प्रिव्ही कौन्सिलने १९२३ मध्ये दिला. मुंबईच्या मॅट्रिकच्या विद्यार्थ्यांकरिता मॅकमिलन कंपनीने नॉर्थच्या जुन्या इंग्रजी भाषांतरातून प्लुटार्ककृत अलेक्झांडरचरित्राचा सुमारे निम्मा मजकूर निवडून, टिपा जोडून छापला होता. मुंबईच्या के. अँड जे. कूपर यांनीही तेच चरित्र टिपांसह काढले. केवळ मजकूर गाळून केलेल्या संक्षेपात स्वामित्व नाही, पण टिपांत आहे, असे लॉर्ड ॲटकिन्सन यांनी ठरविले. परीक्षेचे पुस्तक हे शंभर वर्षांपूर्वीही भांडणाचे मूळ होते. मौज अशी की तेथे शिक्षकाचे श्रम हे राखण्याजोगे धन मानले गेले आणि दिल्लीत शिक्षक हा परकीय धनाचा वापर करणारा म्हणून उभा राहिला. आपण दोन्ही आहोत. स्वतःच्या टिपणांची छायाप्रत महाविद्यालयाबाहेरच्या दुकानात भलत्याच्या नावाने विकली जात असलेली पाहून संतापणारा अध्यापक दुसऱ्या दिवशी नाटकाची संपूर्ण संहिता त्याच दुकानात सहज देऊन येतो.

संपूर्णता ही कायद्याला मुळातच नामंजूर आहे, असेही नाही. महाविद्यालयाच्या उपक्रमात शिक्षक व विद्यार्थी यांनी केलेल्या नाट्यप्रयोगाला कलम ५२ मोकळीक देते, आणि ही मोकळीक अर्थातच सबंध नाटकाला आहे. एकाच अंकाला नव्हे. मर्यादा पडते ती प्रेक्षकवर्गाची. तसेच, जे पुस्तक भारतात विक्रीस उपलब्ध नाही त्याच्या तीनपर्यंत प्रती ग्रंथालयाच्या उपयोगासाठी काढण्यास सार्वजनिक ग्रंथालयाला मुभा आहे. १९८३ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ३२ क मध्येही हेच तत्त्व आहे. कृती वाजवी किमतीत मिळत नसेल तर ठरावीक मुदतीनंतर, ललित वाङ्मयाच्या बाबतीत सात वर्षांनी, पुनर्मुद्रणाचा परवाना मागता येतो आणि पद्धतशीर अध्यापनाचा उल्लेख त्या कलमात स्पष्ट आहे. पस्तीस विद्यार्थ्यांच्या वर्गासाठी कोणता विभाग असा अर्ज करीत बसणार, हा भाग निराळा. पण या दोन्ही तरतुदींत विधिमंडळाने संपूर्ण पुस्तकाचा विचार करताना टक्केवारी धरलेली नाही, उपलब्धता धरली आहे.

दिल्लीच्या निर्णयाने खुला ठेवलेल्या प्रश्नाला मराठीपुरते उत्तर द्यावयाचे तर ते याच कसोटीने द्यावे, असे माझे मत आहे. जे पुस्तक बाजारात नाही, ज्याची आवृत्ती संपून वर्षे लोटली, त्याची संपूर्ण प्रत वर्गासाठी काढणे न्याय्य मानावे. तेथे कोणाच्याही पानातला घास जात नाही. जे पुस्तक वाजवी किमतीत मिळते त्याची संपूर्ण प्रत काढणे न्याय्य मानू नये, मग हेतू कितीही शैक्षणिक असो. यावर एक रास्त आक्षेप येईल. ‘मिळते’ याचा अर्थ काय? प्रकाशकाच्या सूचीत नाव आहे, वळच्या गोदामात एखाद्या खोक्यात चाळीस प्रती आहेत, पण भिवंडीतील विक्रेत्याकडे एकही नाही आणि मागविल्यास सत्र संपता संपता येते, तर ते पुस्तक उपलब्ध म्हणावयाचे काय? मागणीप्रमाणे एकेक प्रत छापून देण्याच्या आजच्या सोयीमुळे तर कोणतेच पुस्तक कागदोपत्री संपत नाही. माझ्या मते उपलब्धता ही विद्यार्थ्याच्या बाजूने मोजली पाहिजे. सत्राच्या पहिल्या पंधरवड्यात, जवळच्या गावी, पुस्तक हाती येते की नाही, हे पाहावे. येत नसेल तर प्रकाशकाने गोदामाकडे बोट दाखवून तक्रार करू नये.

छापील संकलनाला मात्र हा युक्तिवाद लागू नाही, हे बजावून ठेवले पाहिजे. अभ्यासमंडळांनी कवितांचे वेचे निवडून ते प्रकाशकामार्फत पुस्तकरूपाने काढावयाचे म्हटले की आपण वर्गातील प्रतीच्या तरतुदीतून बाहेर पडतो. त्यासाठीचे पोटकलम कडक आहे. संकलन मुख्यतः हक्कमुक्त मजकुराचे असावे. हक्काधीन कृतींतून लहान उतारेच घ्यावेत आणि एकाच प्रकाशकाने पाच वर्षांत एका लेखकाचे दोनांहून अधिक उतारे घेऊ नयेत. ‘शिक्षणासाठीच तर आहे,’ असे सांगून कवीची परवानगी व मानधन टाळणाऱ्या संपादकाला या कलमाचा आधार मिळत नाही.

हक्कमुक्त मजकुराचा साठा मराठीत लहान नाही आणि तो वाढतो आहे. १९९२ मध्ये मुदत पन्नासऐवजी साठ वर्षांची झाली तेव्हा कारण रवींद्रनाथांचे वाङ्मय मुक्त होण्याचा प्रसंग हे होते. पण त्याची झळ मराठीलाही लागली. बा. सी. मर्ढेकर २० मार्च १९५६ रोजी निवर्तले. जुन्या मुदतीने त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेली कविता २००७ च्या आरंभी सर्वांची झाली असती. ती झाली १ जानेवारी २०१७ रोजी, म्हणजे दिल्लीच्या खंडपीठाच्या निर्णयानंतर तीन आठवड्यांनी. त्या दिवसापासून मर्ढेकर शिकविणाऱ्याला कलम ५२ ची गरज राहिली नाही. कुसुमाग्रजांसाठी २०५९ सालाच्या अखेरपर्यंत आणि विजय तेंडुलकरांसाठी २०६८ च्या अखेरपर्यंत ती राहील. नव्या अभ्यासक्रमाची यादी करताना अभ्यासमंडळाने प्रत्येक पुस्तकापुढे लेखकाचे निधनवर्ष, चालू आवृत्तीचे वर्ष व किंमत आणि प्रती कोठे किती शिल्लक आहेत, एवढे तीन रकाने भरले, तर झेरॉक्सच्या दुकानात जाण्यापूर्वीच बहुतेक प्रश्न सुटतील. तिसरा रकाना भरण्यासाठी प्रकाशकाला पत्र लिहावे लागेल आणि त्याला बहुधा गोदामात माणूस पाठवून खोकी मोजावी लागतील.