क्रमाचा आभास आणि मायएसक्यूएल ८.०

एडगर कॉड यांनी १९७० साली संबंधात्मक डेटाबेसचे प्रतिमान मांडले, तेव्हा तत्कालीन प्रणालींच्या तीन परावलंबनांत त्यांनी क्रमाधीनतेची गणना केली होती. नोंदींच्या क्रमावर प्रोग्रॅमने विसंबू नये, हा त्यांचा आग्रह. हे तत्त्व व्यवहारात कितपत रुजले, याची कसोटी मायएसक्यूएल सर्व्हर ५.७ वरून ८.० आवृत्तीवर नेताना लागते.

५.७ मध्ये ‘ग्रुप बाय’ने पाडलेले गट, न मागताही, क्रमाने लावून मिळत. २०१८ मध्ये आलेल्या ८.० ने ही सवलत काढून घेतली. बदल तत्त्वाला धरूनच आहे. क्रम हवा असल्यास तो ‘ऑर्डर बाय’ने मागावा, हेच युक्त होय. ५.७ च्या पुस्तिकेत तशी सूचनाही होती. तथापि निर्मात्यांकडे दोष उरतोच. तत्त्वात न बसणारी सोय त्यांनी दीर्घकाळ पुरविली, आणि ती गेल्यावर सर्व्हर कोणतीही चूक दाखवीत नाही. आज्ञा पूर्ववत चालते, प्रत्येक गटाची बेरीजही बरोबर येते. परंतु ‘लिमिट’ने पहिले दहा गट उचलणाऱ्या अहवालात भलतेच दहा गट येऊ शकतात.

शिवाय ८.० वरून ५.७ वर थेट परतता येत नाही. आधी घेतलेली प्रत हाच मार्ग उरतो. म्हणूनच आवृत्तिबदल हे केवळ यंत्रणेचे काम नव्हे, तर जुन्या आज्ञांचे चिकित्सक पुनर्वाचन होय. जे वचन प्रतिमानाने कधी दिलेच नव्हते, त्यावर विसंबणे हाच मूळ प्रमाद आहे.